जांभळीखाली बसलेला

१

शनिवारी कामावरून सुटलो तो परस्पर कल्याणला गेलो आणि हितेशची सायकल जिन्याखालून बाहेर काढली. वर्षभर ती तिथेच पडून होती. चाकांत हवा नव्हती, चेन गंजलेली, सीटवर कबुतरांनी घाण करून ठेवलेली. मी तेल घातलं, हवा भरली, फडक्याने सगळी पुसून काढली. हितेश पायरीवर बसून बघत होता. तो वरच्या मजल्यावरून उतरून आलेला, आणि त्यांच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्यामुळे बोलायला त्याला जरा वेळ लागणार होता.

हितेश माझा मामेभाऊ. माझ्याहून थोडा मोठा, पण दादा मी त्याला कधी म्हटलं नाही. ठाण्याच्या कोळीवाड्यात एकाच गल्लीत वाढलो आम्ही. आता आमच्यातलं कुणी खाडीत जात नाही. मी भिवंडीच्या एका गोदामात सुपरवायझर, राहायला माजिवड्याला. हितेश लग्न झाल्यावर खडकपाड्याला आला. रविवारी सायकल काढायची आणि एखादा डोंगर चढून यायचा, एवढीच आमची ऐश होती. मग त्याला न्यूमोनिया झाला. साधा नव्हे, पार आयसीयू, नळ्या, सगळं. वाचला, पण फुफ्फुसं पूर्वीची राहिली नाहीत. आंघोळ केली तरी बसावं लागायचं, बूट घातले तरी बसावं लागायचं. त्याची ती धाप घरात फ्रिजच्या आवाजासारखी कायमची होऊन गेलेली.

डॉक्टर म्हणाले होते की आता थोडं बाहेर पडा, सवय करा. म्हणून हा रविवार ठरला. मी निघताना दक्षता वहिनी जिन्यापर्यंत आली. सकाळी लॅबमधली नोकरी, मग घर, मुलगी ऋतिका, आणि रात्री त्याच्या उशाशी जागणं, असं वर्षभर चाललेलं. डोळ्यांखाली काळं आलेलं. एरवी ती माझ्याशी थट्टेने बोलते. तेव्हा मात्र हळू आवाजात म्हणाली,

"भावोजी, तो स्वतःहून थांबणार नाही. तुम्हीच थांबवा. आणि त्याला नीट परत आणा."

आणतो, म्हटलं. त्यात न आणण्यासारखं काय होतं?

२

रविवारी मी अंधारातच निघालो. बाळकूम, काल्हेर, कोनगाव करत दुर्गाडीच्या पुलावर आलो तेव्हा उजाडत होतं. आठवडाभर गोदामात उभा असल्यामुळे पोटऱ्या आधीच भरून आलेल्या. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवशी झोपून राहायचं होतं.

हितेश खाली येऊन थांबलेला. आमच्या सायकलच्या ग्रुपची पिवळी जर्सी घातलेली, ती आता त्याच्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखी लोंबत होती. आम्ही शहाडचा पूल चढलो तो उतरूनच, सायकली हातात धरून. पुढे आंबिवलीपर्यंत तो सावकाश चालवत होता आणि मी त्याच्या मागे, त्याची धाप ऐकत. दोन श्वास आणि एक खोकला, पुन्हा दोन श्वास. थांबूया का म्हटलं की मान हलवायचा आणि थोडं पुढे जाऊन आपणच थांबायचा.

टिटवाळ्याला चहा घेतला. समोर नव्या बिल्डिंगचं काम चाललेलं, मिक्सर घरघरत होता. हितेशने ग्लास दोन्ही हातांत धरलेला. म्हणाला, लोक भेटतात आणि म्हणतात, बरा दिसतोस.

"बरं दिसायचाच कंटाळा आलाय मला," तो म्हणाला. "दक्षता रात्री उठून बघते, माझा श्वास चालू आहे का. मी जागाच असतो. झोपलोय असं दाखवतो. तेवढंच तिला जरा पडता येतं."

मी चहाचे पैसे दिले आणि आम्ही निघालो.

काळू नदी ओलांडली की गाड्या कमी होतात. फेब्रुवारी संपत आलेला. गवत वाळून पांढरं पडलेलं, कुठे कुठे वणव्याने माळ काळे केलेले. कुंभाचा डोंगर आम्ही पूर्वी पावसाळ्यात तासाभरात उरकायचो. त्या दिवशी पायथ्याच्या वाडीवर पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलेलं.

३

वाडीत भागीरथी मावशीच्या अंगणात आम्ही नेहमी सायकली लावतो. तिने हितेशला नीट पाहिलं, काही न विचारता पाणी दिलं आणि बसायला बाज ओढली. तो बराच वेळ बसला. मी म्हटलं, इथूनच परत फिरू. तर म्हणाला, जांभळीपर्यंत तरी जाऊ, मग बघू.

डोंगर तसा सोपा. एकच वाट, एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला वर गेलेला सरळ कडा. निम्म्या चढणीवर एक मोठी जांभळ आहे. वाटेवर सावली काय ती तेवढीच. तिच्या खाली बाकासारखा सपाट दगड. तिथवर यायला आम्हाला किती वेळ लागला कुणास ठाऊक. शेवटी शेवटी तो माझ्या खांद्याला धरून चालत होता. दगडावर बसला आणि त्याने डोकं गुडघ्यांवर टेकलं. मी पाण्याची बाटली आणि माझा नॅपकिन त्याला दिला. नॅपकिन ओला करून त्याने मानेवर टाकला.

मी शेजारी बसायला लागलो तर हाताने नको म्हणाला.

"तू जाऊन ये वर. मी इथेच आहे."

मी नको म्हणत होतो. पण त्याला ते बरं वाटत नव्हतं, आपल्यामुळे कुणाचं तरी राहिलं हे. वर्षभर तेच ऐकत आलेला. शेवटी म्हटलं, माथ्याला टेकून येतो नुसता. पहिल्या वळणावरून मागे पाहिलं. पिवळी पाठ वरखाली होत होती. एवढ्या लांबूनसुद्धा धाप ऐकू येतेय असं वाटलं. ते शक्य नव्हतं. दिवसभर ऐकून ती कानात बसलेली.

४

वर पोचलो आणि आडवाच झालो. माथ्यावर पाण्याचं एक जुनं टाकं आहे, त्याच्या कडेला पडून डोळे मिटले. खाली कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. डुलकी लागली असावी.

जाग आली ती पावलांच्या आवाजाने. वाळक्या गवतावरून कुणीतरी झपझप येत होतं. मी उठून बसलो. हितेश होता.

पहिल्यांदा मला रागच आला. एवढं सांगून वर आला, आता खाली कसा न्यायचा? बस म्हटलं, आधी बस. तो बसला नाही. टाक्याच्या कडेला उभा राहिला आणि खाली नदीकडे बघत म्हणाला,

"छान वाटतंय रे. उगाच बसलो होतो."

आणि मग माझ्या ध्यानात आलं की काहीतरी कमी आहे. टाकीची मोटर बंद झाल्यावर आपल्याला कळतं की इतका वेळ ती चालू होती, तसं. धाप नव्हती. सकाळपासून, खरं तर वर्षभर जो आवाज त्याच्याबरोबर होता तो नव्हता. त्याचं तोंड मिटलेलं. कपाळावर घाम नव्हता. एवढ्या उन्हात, एवढा चढ चढून आलेला माणूस.

मी स्वतःला समजावलं. विश्रांती मिळाली, पाणी पोटात गेलं. वाऱ्याने घाम सुकला. माणसाला कधी कधी असा जोर येतो, ट्रेकला आम्ही कितीदा पाहिलंय. डॉक्टर म्हणालेच होते की सुधारणा एकदम दिसेल. सगळं पटण्यासारखं होतं. तरी मी उठलो तो त्याच्यापासून दोन हात लांबूनच.

नॅपकिन कुठे आहे, विचारलं. तो म्हणाला, राहिला खाली.

५

उतरताना तो पुढे. एरवी उताराला हितेश जपून, तिरका पाय टाकतो, जुनी सवय. त्या दिवशी सरळ उतरत होता, जिना उतरल्यासारखा. मी दोनदा हाक मारून त्याला थांबवलं. तो थांबायचा, हसून बघायचा. घाई नाही, कंटाळा नाही. मी पोचलो की पुन्हा चालायला लागायचा.

जांभळ दिसायला लागली तेव्हा तो आपसूक मागे राहिला आणि माझ्या उजव्या बाजूला आला. वाट तिथे दोघांना पुरेल एवढी रुंद नाही. तो कड्याच्या बाजूने गवतातून चालत होता, माझ्या आणि दगडाच्या मध्ये. काहीतरी बोलतही होता, गोदामाचं, माझ्या नोकरीचं. मी ऐकत नव्हतो. कारण मला धाप ऐकू येत होती.

दोन श्वास आणि खोकला. दोन श्वास.

मी मान वळवली. पूर्ण नाही, अर्धीच. हितेशच्या खांद्यापलीकडे पिवळं दिसलं. गुडघ्यांवर टेकलेलं डोकं, वरखाली होणारी पाठ, मानेवर ओला नॅपकिन.

"चल," हितेश अगदी हळू म्हणाला, झोपलेल्या माणसाजवळ बोलतात तसं. "दमलाय तो. बसू दे त्याला."

मी थांबलो नाही. थांबावं असं मनात आलं होतं. पण उताराला दमलेले पाय आपलं ऐकत नाहीत, ते खालीच जातात. आमच्या ग्रुपची जर्सी पुष्कळांकडे आहे, रविवारी कुणी ना कुणी येतं या बाजूला, असलं काहीतरी मी मनात म्हणत होतो. नॅपकिन काय, कुणाकडेही असतो. वळण संपलं तेव्हा आवाजही संपला. मागे वळून पाहायचं धैर्य मला झालं नाही. आणि हितेश पुन्हा पुढे गेलेला.

६

वाडीत भागीरथी मावशी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. हितेश सरळ सायकलीकडे गेला. मी तिच्याकडे पाणी मागितलं. तिने तांब्या दिला आणि वाटेकडे नजर टाकून विचारलं,

"तुमचा तो दमलेला मानूस कुठं हाय?"

मी हितेशकडे बोट दाखवलं. तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मिरच्या तशाच टाकून ती घरात गेली आणि दार लोटून घेतलं.

परतीच्या रस्त्यात मी त्याला गाठू शकलो नाही. तो लांब पुढे, एका लयीत पॅडल मारत होता. टिटवाळ्याला माझ्यासाठी थांबला, पण सायकलवरून उतरला नाही, एक पाय जमिनीला लावून उभा. भर दुपारी आम्ही कल्याणला पोचलो. बिल्डिंगखाली त्याने सायकल खांद्यावर घेतली आणि जिना चढायला लागला. मी म्हटलं, अरे खालीच ठेव. तर म्हणाला, घरात ठेवतो, आता रोज काढायची.

मी कठड्याला धरून धरून वर पोचलो तेव्हा दार उघडं होतं. वहिनी दारात उभी होती आणि हसत होती. डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होती. वर्षभरात तिला तसं पाहिलं नव्हतं.

"भावोजी, काय जादू केलीत?"

मी म्हटलं, मी काहीच केलं नाही. तेवढं मात्र खरं होतं.

७

त्या आठवड्यात मी रोज काहीतरी निमित्त काढून फोन केला. कधी हितेश उचलायचा, बरा आहे म्हणायचा, खरंच बरा वाटायचा. कधी वहिनी. तो पाणी भरतो, बाजार करतो. ऋतिकाला पाठुंगळी घेऊन गच्चीत फेऱ्या मारतो. ती उतरतच नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तो चांगला आहे. आवाजातलं ओझं गेलेलं तिच्या. मी दर वेळी फोन ठेवताना ठरवायचो, आता हा विषय संपला. उन्हात डोकं फिरलं होतं आपलं. जर्सीतला कुणी दुसरा असेल, दमून बसला असेल.

गुरुवारी मी विचारलं, झोपतो का नीट?

म्हणाली, पडतो माझ्याबरोबर. पण रात्री कधी डोळा उघडला तर पलंगाच्या कडेला बसलेला असतो. काही करत नाही, नुसता बसलेला असतो. सकाळी त्याच्या बाजूची चादर घातली तशीच असते, एक सुरकुती नाही.

"असू दे," ती पुढे म्हणाली. "मी झोपते ना. किती दिवसांनी झोपतेय मी, भावोजी."

मला मात्र झोप येत नव्हती. पडलो की ती वरखाली होणारी पिवळी पाठ दिसायची. बसू दे त्याला, असं म्हणून आम्ही निघून आलो होतो. तिथे रात्री काय थंडी पडत असेल? बाटलीतलं पाणी किती पुरलं असेल? असं मनात आलं की मी दिवा लावून बसायचो. माझा मामेभाऊ कल्याणला आपल्या घरात होता आणि मी त्याच्यासाठी डोंगरावरच्या थंडीची काळजी करत होतो. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

८

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. मावशीचं दार बंद होतं, मिरच्याही नव्हत्या. सायकल अंगणात लावली आणि चढायला लागलो.

जांभळीखाली कुणी नव्हतं. दगड कोरडा, त्यावर वाळकी पानं पडलेली. मी तिथे बसलो. बाटली शोधली, नॅपकिन शोधला, मिळाला नाही. मोठमोठ्याने हसावंसं वाटलं. एवढा आठवडा आपण काय डोक्यात घेऊन बसलो होतो! दोन घोट पाणी पिऊन उठलो आणि उतरायला लागलो. खूप हलकं वाटत होतं.

पहिल्या वळणावर मागून आवाज आला.

दोन श्वास आणि खोकला.

मी थांबलो. वाटलं, भास असेल तर तोही थांबेल. तो थांबला नाही. दमलेला माणूस पुढच्याला गाठतो तसा हळूहळू जवळ येत राहिला आणि माझ्या पाठीशी येऊन, तिथे उभा राहून, धापा टाकत राहिला. मानेवर त्या श्वासाची ऊब लागली. ऊब होती, हे मला अजून आठवतं.

मी वळलो नाही. भीती होतीच. पण वळलो आणि मागे कुणी नसलं तर, ही भीती जास्त होती. मी म्हटलं, "सावकाश चल. घाई नाही." आणि चालायला लागलो.

आयुष्यात एवढा हळू मी कधी आलो नाही. सायकल बराच वेळ हातात धरूनच आणली. पुढे सायकलवर बसलो तरी तोल जाईल इतकी हळू चालवली. मागे पडतोय असं वाटलं की थांबायचं, आवाज जवळ आला की निघायचं. नदीच्या पुलावर थांबलो, टिटवाळ्याला थांबलो. शहाडचा पूल पायी चढलो. रिक्षावाले शिव्या घालून पुढे जात होते. वर्षभर वहिनी असंच जगत होती, हे मला त्या रस्त्यावर कळलं. दुसऱ्याच्या श्वासाने चालणं माणसाला आतून पिळून काढतं. अर्ध्या वाटेत मलाच वाटायला लागलेलं की जोरात पॅडल मारावं आणि निघून जावं. मारलं नाही एवढंच.

खडकपाड्याला पोचलो तेव्हा घरोघरी दिवे लागले होते.

९

जिन्यात मी पुढे, आवाज मागे. प्रत्येक मजल्यावर थांबलो. खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी मासे तळत होते, टीव्ही चालू होता. एक बाई कचऱ्याची बादली ठेवायला दाराबाहेर आली, माझ्या मागे बघून बाजूला सरकली आणि वाट दिली. दोघांना द्यावी तेवढी.

शेवटच्या जिन्याच्या तोंडाशी धाप इतकी वाढली की मी म्हटलं, तू इथे टेक, मी दार उघडवतो. वर जाऊन बेल दाबली.

वहिनीने दार उघडलं. चेहरा भरलेला, केस नीट बांधलेले, डोळ्यांखालचं काळं गेलेलं. आत जेवणाची पानं मांडलेली. या ना, म्हणाली, हितेश गच्चीत आहे, ऋतिकाला पळवतोय. डोक्यावर स्लॅबवरून पावलं धावत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा परत, न थांबता, एका लयीत. मुलीचं हसू ऐकू येत होतं.

मी आत गेलो नाही. बाजूला झालो फक्त, म्हणजे तिला जिना दिसेल.

खालून आवाज आला. दोन श्वास. खोकला.

तिने तो ओळखला. वर्षभर रात्री उठून जो ऐकला तो ती ओळखणार नाही असं कसं होईल? तिचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. ती जिन्याकडे बघत होती. तिथून तिला काय दिसत होतं ते मला माहीत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ हलले, नाव घेतल्यासारखे. डोळे भरून आले. एक पाऊल तिने उंबऱ्याबाहेर टाकलंही.

वर पावलं धावत होती.

तिने पाऊल मागे घेतलं.

"भावोजी," ती म्हणाली. आवाज इतका थकलेला होता की मला तिचा राग करता आला नाही, अजूनही करता येत नाही. "आता नको. मी फार दमलेय हो."

तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, अगदी हलक्या हाताने लावलं, आतली माणसं झोपलेली असताना लावतात तसं. कडी सरकवल्याचा आवाज आला.

मी चार पायऱ्या उतरलो आणि बसलो. माझ्यातही आता कुठे जायचं त्राण नव्हतं. धाप एकेक पायरी वर आली आणि माझ्या शेजारी बसली. गरम, ओला श्वास. मी भिंतीला डोकं टेकलं.

गच्चीवरची पावलं थांबली.

मुलीचं हसूही थांबलं. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग गच्चीचं दार उघडलं, आणि ती पावलं, न दमलेली, एका लयीत, जिना उतरायला लागली.